छायाचित्रसंग्रह हलवताना तारीख आणि ठिकाण कसे राखावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यातील घरात २००५ पासूनची कौटुंबिक छायाचित्रे एका जुन्या संगणकावर, घरातल्यांच्या मोबाइलांवर, कुवेतला नोकरी करणाऱ्या भावाच्या कॅमेऱ्याच्या कार्डांवर आणि गूगल फोटोजच्या खात्यात विखुरलेली आहेत. ती सगळी एका नव्या हार्ड डिस्कवर आणल्यावर बऱ्याच चित्रांपुढे कॉपी केल्याच्या दिवसाची तारीख दिसू लागली, नकाशावर फार थोडी चित्रे उरली आणि शिमग्याच्या रात्री काढलेले पालखीचे व्हिडिओ आदल्या दिवशी जाऊन बसले. जुना संगणक, कार्डे आणि मोबाइल अजून तसेच आहेत, त्यातले काहीही पुसलेले नाही, असेही आपण कळवले आहे. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यामुळेच मी खात्रीने सांगू शकतो की, आपल्याला जे हरवल्यासारखे वाटते त्यातले पुष्कळसे हरवलेले नाही. मात्र यापुढे एक पथ्य पाळावे लागेल: छायाचित्रे हलवणे आणि त्यांच्या नोंदी दुरुस्त करणे ही दोन कामे एकत्र करू नयेत. बहुतेक संग्रह बिघडतात ते हलवता हलवता नावे बदलल्याने, तारखा सुधारल्याने, दुबार चित्रे काढून टाकल्याने. कारण मग कोणती चूक मुळातली होती आणि कोणती आपण घातली, हे नंतर ओळखता येत नाही.

प्रथम तारीख नेमकी कुठे असते ते पाहू. संगणक आपल्याला फाइलच्या नावापुढे जी तारीख दाखवतो ती बहुधा फाइलची असते, छायाचित्राची नव्हे. विंडोजमध्ये एखादी फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की तिची ‘तयार झाल्याची’ तारीख त्या क्षणाची होते, ‘बदलल्याची’ तारीख सहसा जुनीच राहते. पण मोबाइल केबलने जोडून चित्रे ओढून घेतली, तर ‘बदलल्याची’ तारीखही अनेकदा कॉपीच्या दिवसाची होऊन बसते. छायाचित्राची स्वतःची तारीख फाइलच्या आत, एक्झिफ नावाच्या नोंदीत असते. ही पद्धत जपानमधील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९५ मध्ये ठरवली आणि जवळजवळ प्रत्येक डिजिटल कॅमेरा व मोबाइल तीच पाळतो. पत्राच्या पाकिटावर टपालाचा शिक्का असतो आणि पत्राच्या माथ्यावर लिहिणाऱ्याने घातलेली तारीख असते, तसा हा भेद आहे. नव्या डिस्कवर आपल्याला दिसला तो शिक्का. म्हणून विंडोजच्या फोल्डरमध्ये रकान्यांच्या नावांवर उजवे बटण दाबून ‘डेट टेकन’ हा रकाना चालू करावा आणि त्यानुसार क्रम लावून पाहावा. माझ्या अंदाजाने कॅमेऱ्याची आणि जुन्या संगणकावरची बहुतेक चित्रे तेथे योग्य वर्षांत जाऊन बसतील.

एक्झिफमध्येही तारखा तीन असतात आणि त्यांचा गोंधळ होऊ देऊ नये. ‘डेटटाइम ओरिजिनल’ म्हणजे चित्र टिपल्याचा क्षण. दुसरी तारीख चित्र डिजिटल झाल्याची. तिसरी फाइलमध्ये शेवटचा बदल झाल्याची. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या चित्रात तिन्ही सारख्या असतात. चित्र एखाद्या प्रणालीत उघडून उजळ केले, कातरले आणि जतन केले की तिसरी बदलते, पहिली मात्र बदलू नये. कागदी फोटो स्कॅन केला असेल तर पहिली तारीख बहुधा रिकामी असते, किंवा स्कॅनरने तेथे स्कॅनिंगचा दिवस घातलेला असतो, जो सरळ चुकीचा आहे. संग्रहाचा क्रम लावण्यासाठी भरवसा ठेवायचा तो पहिल्या तारखेवर.

ठिकाणाची नोंदही फाइलच्या आतच, पण वेगळ्या गटात असते: अक्षांश, रेखांश, बहुधा उंची आणि उपग्रहावरून मिळालेली वेळ. यातली एक बाब फार कमी जणांच्या लक्षात येते. एक्झिफमध्ये रेखांशाचा आकडा आणि तो पूर्वेचा की पश्चिमेचा हे सांगणारे अक्षर असे दोन वेगळे रकाने असतात. काही प्रणाली आकडा नेतात आणि अक्षर मागे सोडतात. तसे झाले की दापोलीच्या आसपासचे साधारण १७.८ उत्तर, ७३.१ पूर्व हे ठिकाण पश्चिम रेखांशावर धरले जाते आणि आपल्या अंगणातील तुळशीवृंदावन थेट हैतीजवळच्या समुद्रात जाऊन पडते. दुसरा प्रकार म्हणजे रिकाम्या नोंदीऐवजी शून्य अक्षांश, शून्य रेखांश लिहिले जाणे. ती चित्रे आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात दिसतात. नकाशा पूर्ण लहान करून पाहिला की अशी चित्रे लगेच सापडतात, आणि दोन्ही चुका पुढे सांगितलेल्या साधनाने गटागटाने दुरुस्त होतात.

आता नोंदी खरोखर कुठे नष्ट होतात त्याकडे वळतो, कारण आपल्या संग्रहाचे खरे नुकसान तेथेच झालेले असण्याची शक्यता आहे. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेल्या प्रत्येक चित्राची नव्याने लहान प्रत तयार होते आणि तिच्यातून टिपल्याची तारीख व ठिकाण दोन्ही गळतात. ‘एचडी’ निवडल्यानेही ते वाचत नाही. फाइलच्या नावात जी वर्ष-महिना-दिवसाची आठ आकड्यांची तारीख असते, ती चित्र काढल्याची नसून त्या मोबाइलवर ते आल्या-गेल्याची असते. आत्याने २०१२ च्या लग्नाचे फोटो २०१९ मध्ये कुटुंबाच्या गटात टाकले असतील, तर नावात २०१९ येईल. म्हणून व्हॉट्सॲपच्या फायलींना नावावरून तारीख देणारी साधने वापरू नयेत. निदान तो संपूर्ण फोल्डर वेगळा ठेवावा आणि त्यातील तारखा ‘मिळाल्याच्या तारखा’ म्हणूनच वाचाव्यात. ज्याने चित्र काढले त्याच्या मोबाइलवर मूळ फाइल अजून असेल, तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. तशी पाठवल्यास फाइल जशीच्या तशी येते. मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीत काढलेले फोटो असेच मागवावेत, आणि ते लवकर मागवावेत, कारण लोक मोबाइल बदलतात आणि जुना मोबाइल दुकानात देऊन टाकतात.

अँड्रॉइडवर आणखी एक दार आहे. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून एखाद्या ॲपला छायाचित्रांच्या ठिकाणाची वेगळी परवानगी नसेल, तर त्याला फाइल मिळते ती ठिकाण पुसून मिळते. तारीख शाबूत असते, म्हणून कोणाला काही कळत नाही. मोबाइलवरील ब्राउझरमधून एखाद्या संकेतस्थळावर चित्रे चढवली, किंवा साध्या फाइल पाठवणाऱ्या ॲपने ती दुसऱ्या मोबाइलवर नेली, की ठिकाणे गेलेली दिसतात ती बऱ्याचदा याच कारणाने. आपल्या नकाशावरून जी चित्रे नाहीशी झाली, ती कोणत्या वाटेने आली होती हे तपासावे. एकाच वाटेची सगळी निघाली तर हेच कारण समजावे. मोबाइलमधून चित्रे काढण्याची माझ्या मते सर्वांत निर्धोक वाट म्हणजे डेटा केबलने संगणकाला जोडून कॅमेऱ्याचा पूर्ण फोल्डर कॉपी करणे. त्यात फाइलची बाहेरची तारीख बदलली तरी आतले सर्व टिकते. आयफोन असल्यास सेटिंगमध्ये छायाचित्रे संगणकावर पाठवताना ‘मूळ ठेवा’ हा पर्याय निवडावा, आणि चित्रे शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ठिकाण चालू आहे ना ते पाहावे. मॅकवरील फोटोज ॲपमधून बाहेर काढताना ‘अनमॉडिफाइड ओरिजिनल’ घेतल्यास कॅमेऱ्याची मूळ फाइल मिळते. पण ॲपमध्ये नंतर हाताने बदललेली तारीख किंवा घातलेले ठिकाण त्या मूळ फाइलमध्ये नसते, ते ॲपच्या स्वतःच्या नोंदवहीत असते. साधे ‘एक्स्पोर्ट’ केल्यास ते उतरते, मात्र ठिकाणाच्या चौकटीत खूण करायला विसरू नये.

गूगल फोटोजविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपला बराचसा घोळ तेथला आहे. टेकआउट या गूगलच्याच सोयीने सर्व संग्रह उतरवून घेतला की प्रत्येक चित्रासोबत ‘जेसन’ प्रकारची एक छोटी मजकुराची फाइल येते. तिच्यात टिपल्याची वेळ आणि ठिकाण असते. पुष्कळ लोक या फायली कचरा समजून पुसतात. कृपया तसे करू नये. गूगल फोटोजमध्ये बसून आपण एखाद्या स्कॅनची तारीख १९८८ केली असेल, वर्णन लिहिले असेल, किंवा नकाशावर ठिकाण ठेवले असेल, तर ते सारे केवळ या छोट्या फाइलमध्ये मिळते, चित्राच्या आत नाही. उलट, मोबाइलने मुळातच लिहिलेली नोंद चित्राच्या आत असतेच. त्यामुळे दोन्ही ताडून पाहावे लागते: आतल्या नोंदीला पहिला मान द्यावा आणि जेथे ती रिकामी असेल, किंवा आपण गूगलमध्ये जाणूनबुजून सुधारली होती असे आठवते, तेथेच छोट्या फाइलमधील घ्यावी. छोट्या फाइलमधील वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत आणि जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेत नव्हे. साडेपाच तास मिळवल्याशिवाय ती चित्रात लिहू नये. ठिकाण माहीत नसल्यास तेथे दोन शून्ये असतात, आणि ती तशीच चित्रात उतरवली की वर सांगितलेली गिनीच्या आखाताची यात्रा घडते. लांब नावाच्या फायलींच्या बाबतीत छोट्या फाइलचे नाव मध्येच तोडलेले असते, एकाच नावाची दोन चित्रे असल्यास कंसातला आकडा वेगळ्याच जागी येतो, आणि संपादित प्रतीला बहुधा स्वतःची छोटी फाइल नसते. ही जुळवाजुळव करणारी साधने उपलब्ध आहेत, पण ती आपल्या एकुलत्या एका प्रतीवर कधीही चालवू नयेत.

गूगल जेथे ठिकाण अंदाजाने दाखवते, तो अंदाज चित्राच्या फाइलमध्ये उतरत नाही. ॲपमध्ये जुन्या कॅमेऱ्याचे चित्र ‘मुरूड’ येथे दिसत होते आणि डिस्कवर आल्यावर ते नकाशावरून गेले, याचा अर्थ नोंद हरवली असा नसून ती कधी नव्हतीच असा आहे. तो अंदाज पुन्हा मिळवण्याची धडपड मी करणार नाही. आपल्याकडे मुरूड दोन आहेत, एक आपल्या दापोली तालुक्यातले आणि एक रायगडात जंजिऱ्यासमोरचे, आणि घरातले कोणीतरी चित्र पाहून चटकन खरे सांगेल.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम. नव्या डिस्कवर आधी केलेला फोल्डर बाजूला ठेवावा, पुसू नये. नवा फोल्डर करून त्यात प्रत्येक उगमासाठी एक उपफोल्डर करावा: जुना संगणक, भावाचे पहिले कार्ड, आईचा मोबाइल, गूगल टेकआउट याप्रमाणे. प्रत्येक उगमातून ‘कट’ न करता केवळ ‘कॉपी’ करावी, फायलींची नावे आणि आतली फोल्डररचना जशीच्या तशी ठेवावी. नावे पुढे बदलता येतील, पण जेसन फाइल आणि चित्र, आयफोनच्या हलत्या चित्रातील स्थिरचित्र आणि व्हिडिओ, अशा जोड्या केवळ नावाच्या साम्याने बांधलेल्या असतात, आणि एकाचे नाव बदलले की ती गाठ सुटते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळवावा. शक्य असेल तर चेकसम काढावा. चेकसम म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, जो दोन्हीकडे सारखा आला म्हणजे आतली तारीख आणि ठिकाण धरून सर्व काही जसेच्या तसे आले अशी खात्री होते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे आपण जाणताच. कॉपी चालू असताना वीज गेली तर अर्धवट फायली योग्य नावानिशी पडून राहतात आणि लघुचित्रही दिसते, म्हणून ही पडताळणी टाळू नये. येथपर्यंत एकाही फाइलच्या आत हात घातलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. ही मूळ प्रत. तिची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी आणि ती डिस्क मुंबईच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकाकडे ठेवावी. खाऱ्या दमट हवेत एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकाच वेळी धोक्यात असतात.

दुरुस्तीसाठी तिसरी, कामाची प्रत करावी. साधन म्हणून मी एक्झिफटूल वापरतो. फिल हार्वे यांनी २००३ पासून विकसित केलेली ही विनामूल्य प्रणाली आज्ञा लिहून चालवावी लागते, पण फाइलच्या आत काय आहे ते तिच्याइतके पूर्ण क्वचितच कोणी दाखवते, आणि बदल करताना ती मूळ फाइल वेगळ्या नावाने शेजारी ठेवते. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असेल तर डिजिकॅम हीही विनामूल्य प्रणाली आहे. तिच्यात नकाशा, तारखा आणि नावे खिडकीत दिसतात. फक्त तिच्या सेटिंगमध्ये जाऊन नोंदी फाइलमध्ये लिहिण्याचे पर्याय तपासून घ्यावेत, नाहीतर केलेले सारे काम तिच्या स्वतःच्या माहितीसाठ्यात राहते आणि पुढच्या स्थलांतरात पुन्हा मागे पडते. कोणत्याही प्रणालीबद्दल हाच प्रश्न विचारावा: मी घातलेली तारीख चित्रासोबत जाणार की तुझ्याकडे राहणार?

आपल्या भावाच्या चित्रांबाबत घड्याळाचा प्रश्न आहे. जुन्या एक्झिफमध्ये वेळ लिहिली जाई, पण ती कोणत्या देशाची हे लिहायला रकानाच नव्हता. तो २०१६ च्या आवृत्तीत आला आणि आजही अनेक कॅमेरे तो भरत नाहीत. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. भाऊ सुट्टीवर आला आणि त्याने कॅमेऱ्याचे घड्याळ बदलले नाही, तर घरच्या सकाळी साडेनवाच्या आरतीवर सात वाजल्याची नोंद येईल. आणि त्याच आरतीचे आपल्या मोबाइलने काढलेले चित्र साडेनवाचे असेल. असे एक जोडचित्र सापडले की फरक नेमका कळतो. मग त्या सुट्टीतील त्या कॅमेऱ्याची सर्व चित्रे एकाच आज्ञेने अडीच तास पुढे सरकवावीत. कुवेतमध्ये काढलेली मात्र तशीच ठेवावीत, कारण ती तेथल्या घड्याळाप्रमाणे बरोबर आहेत. बॅटरी पूर्ण उतरल्याने घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर गेलेल्या चित्रांनाही हीच रीत लागू पडते: एका चित्राची खरी वेळ कळली की त्या गटातली बाकीची त्याच अंतराने सरकतात आणि त्यांचा आपसातील क्रम टिकतो. सर्वांना एकच तारीख ठोकून देऊ नये; त्याने तो क्रम कायमचा जातो.

व्हिडिओंचे दुखणे निराळे. एमपी४ आणि एमओव्ही प्रकारच्या फायलींत वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत आणि नियमाप्रमाणे जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाते. मोबाइल हा नियम सहसा पाळतात, पुष्कळ साधे कॅमेरे स्थानिक वेळच लिहितात, आणि वाचणारी प्रणाली कधी साडेपाच तास मिळवते, कधी नाही. शिमग्याच्या रात्री दोन वाजता सहाणेवर नाचणाऱ्या पालखीचा व्हिडिओ जागतिक वेळेप्रमाणे आदल्या दिवशीच्या साडेआठचा असतो. म्हणून आपले व्हिडिओ आदल्या दिवशी गेले. येथे घाईने काही लिहू नये. प्रत्येक कॅमेऱ्याचा एक व्हिडिओ आणि त्याच वेळचे एक छायाचित्र घेऊन फरक पाहावा. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर फाइल योग्य आहे आणि केवळ दाखवणारी प्रणाली चुकते आहे. अशी फाइल बदलली, तर दुसऱ्या प्रणालीत ती उलट बाजूला साडेपाच तास जाईल.

कॅमेऱ्याच्या चित्रांना ठिकाण देण्याची एक चांगली रीत आहे. त्या दिवशी त्याच सहलीत मोबाइल चालू असेल, तर मोबाइलच्या चित्रांची ठिकाणे वेळेच्या जवळिकीने कॅमेऱ्याच्या चित्रांना देता येतात. मोबाइलने चालण्याचा मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये नोंदवला असेल तर त्याहून उत्तम. घड्याळे आधी जुळवलेली हवीत, म्हणून ही पायरी वेळेच्या दुरुस्तीनंतर यावी. मोबाइलच्या ठिकाणांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. घाटात किंवा दाट रायवळीच्या राईत, जेथे नेटवर्क नसते आणि आकाशही झाकलेले असते, तेथे मोबाइल कधी कधी शेवटचे ठाऊक असलेले ठिकाणच लिहून टाकतो. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचे चित्र खाडीच्या अलीकडे दिसते ते यामुळे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे दशांश चिन्हापुढे दोनच आकडे ठेवले तर चूक अर्ध्या किलोमीटरहूनही अधिक होऊ शकते आणि किनाऱ्यावरची वाडी समुद्रात दिसते. पाच आकडे असले म्हणजे बारकावा मीटरभराचा होतो. आकडे कापणारी साधने टाळावीत.

आपण विचारले आहे की एवढा खटाटोप घरगुती फोटोंसाठी करावा का. माझे मत ठाम आहे: आपल्या भागात करावाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्या वाडीत आधी किती झाडे होती, घराचे छप्पर कसे होते, हे सांगणारी चित्रे घरोघरच्या मोबाइलांतच आहेत, आणि तारीख व ठिकाण नसेल तर ती केवळ कुठल्या तरी बागेची चित्रे उरतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, हीच गोष्ट आणखी तीव्र होते. कशेळी, बारसू, देवीहसोळ येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण सड्यावर जांभ्याचा एक तुकडा दुसऱ्यासारखाच दिसतो. तेथे काढलेल्या चित्रातून अक्षांश-रेखांश गेले, तर ते शिल्प पुन्हा शोधणे अतिशय कठीण होते.

कागदी फोटोंबद्दल. चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरात भिजलेले अल्बम लोकांनी घाईघाईने स्कॅन करून घेतले आणि त्या सर्वांवर २०२१ ची तारीख बसली. आपल्याकडील स्कॅनची तीच अवस्था आहे. येथे खरी तारीख हाताने घालावी लागते आणि ती अनेकदा केवळ वर्षापुरती ठाऊक असते. एक्झिफला पूर्ण तारीख लागते. एक्सएमपी या नव्या नोंदपद्धतीत मात्र नुसते ‘१९८७’ लिहिता येते. मी दोन्ही करतो: एक्सएमपीमध्ये जेवढे ठाऊक तेवढेच, एक्झिफमध्ये क्रम लागावा म्हणून त्या वर्षाची १ जानेवारी, आणि वर्णनात स्पष्ट शब्दांत ‘वर्ष अंदाजे, आजीच्या सांगण्यावरून’. अंदाज अंदाज म्हणून नोंदवला नाही तर पुढची पिढी त्यालाच पुरावा मानेल. ठिकाणाचेही तसेच: घर नक्की ठाऊक असेल तर घराचे अक्षांश-रेखांश द्यावेत, फक्त गाव ठाऊक असेल तर आकडे न देता गाव, तालुका, जिल्हा, राज्य हे शब्दांत लिहावेत. आकडे असले तरी गावाचे आणि वाडीचे नाव शब्दांत घालावेच; वरची वाडी, मधली वाडी ही नावे कोणताही नकाशा आपणहून देणार नाही.

ही नावे देवनागरीत लिहावीत, पण ती एक्सएमपीच्या रकान्यांत. एक्झिफचे वर्णनाचे जुने रकाने केवळ रोमन अक्षरांसाठी ठरवले होते, आणि त्यात घातलेल्या मराठी मजकुराच्या जागी पुष्कळ प्रणालींत प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक चिन्हे येतात. एक्सएमपी युनिकोडमध्ये असल्याने तेथे मराठी सुरक्षित राहते. पाचपन्नास चित्रे करण्याआधी एकाच चित्रावर हे करून, दुसऱ्या संगणकावर आणि एका मोबाइलवर उघडून वाचून पाहावे.

संग्रहात ठिकाण ठेवावे याचा अर्थ ते सर्वांना दाखवावे असा नाही. घराची, मुलांच्या शाळेची, वेळासच्या किनाऱ्यावर सापडलेल्या कासवाच्या घरट्याची नेमकी जागा सार्वजनिक चित्रातून जाऊ देऊ नये. त्यासाठी मूळ फाइल न छेडता पाठवण्यापुरती वेगळी प्रत करावी आणि तिच्यातून ठिकाण काढावे.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर शेवटी, हवे असल्यास, फाइलची बाहेरची ‘बदलल्याची’ तारीख आतल्या मूळ तारखेवरून एकदाच भरून घ्यावी. एक्झिफटूल ते संपूर्ण फोल्डरसाठी करते, आणि मग टीव्हीवर किंवा साध्या फोल्डरमध्येही चित्रे योग्य क्रमाने दिसतात. त्यानंतर प्रत्येक उगमातून थोडी चित्रे आणि निदान एक व्हिडिओ निवडून मूळ प्रतीशी ताडावा: टिपल्याची वेळ, अक्षांश-रेखांश, पूर्वेचे अक्षर, मराठी नाव. आईच्या मोबाइलमधील आणि गूगलच्या खात्यातील काहीही या तपासणीपूर्वी पुसू नये, आणि भावाची कार्डे तो पुढच्या सुट्टीत येऊन स्वतः चित्रे पाहीपर्यंत तशीच ठेवावीत, कारण कुवेतची कोणती आणि घरची कोणती, हे काही गटांच्या बाबतीत तोच सांगू शकेल.